पिन बसली, पुढे काय?

१९८३ च्या जुलैमध्ये जपानमध्ये आलेला फॅमिकॉम आणि १९८५ मध्ये अमेरिकेत उतरलेला एनईएस ही निन्टेंडोची सख्खी भावंडं. दोन्हींमागे मासायुकी उएमुरा यांचाच चमू, आतल्या प्रोसेसरची जात तीच आणि मारिओही तोच. मागच्या बाजूला अडॅप्टरची गोल पिन शिरते ते भोकसुद्धा त्याच मापाचं: बाहेरून साडेपाच मिलिमीटर, आतून २.१. त्यामुळे एनईएसचा अडॅप्टर फॅमिकॉमला अगदी बेमालूम बसतो. आणि फॅमिकॉम मारायचा असेल, तर याहून सोपा उपाय नाही.

कारण लेबलवर आहे. एनईएस-००२ या अडॅप्टरवर छापलंय, आउटपुट ९ व्होल्ट एसी, १.३ अँपिअर. फॅमिकॉमच्या एचव्हीसी-००२ वर आहे १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर. एकात वीज सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा दिशा पालटते, दुसऱ्यात एकाच दिशेने वाहते. एनईएसच्या पोटात चार डायोडांचा पूल आहे. येणारी वीज कुठल्याही दिशेने येवो, पुलाच्या पलीकडे ती सरळ होऊनच जाते. फॅमिकॉममध्ये हा पूल नाही. तिथे सरळ वीज येणार हे गृहीत धरलंय. एसी आली की आतल्या कपॅसिटरला क्षणात प्लस, क्षणात मायनस असा दाब बसतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा दाब सोसायला बनवलेलाच नसतो. तो तापतो, फुगतो, कधी फुटतो. शेजारची रेग्युलेटर आयसीही अशा वेळी वाचेलच याची खात्री नाही.

उलट दिशेला मात्र गंमत आहे. एनईएसला ९ व्होल्ट डीसी दिला, अगदी प्लस-मायनस उलटा दिला, तरी तो मुकाट्याने चालतो. पूल आहे ना! म्हणूनच जुन्या खेळांच्या शौकिनांत दोन परस्परविरोधी सल्ले फिरत असतात. एक म्हणतो, ‘अरे, कुठलाही नऊचा लाव, काही होत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘मूळचा सोडून दुसरा लावूच नकोस.’ पहिल्याकडे बहुधा एनईएस असतो. दुसऱ्याने बहुधा काहीतरी जाळलेलं असतं. सल्ला ऐकण्याआधी विचारावं, तुमच्याकडे कन्सोल कोणता?

आता जरा आत डोकावू. ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक कन्सोलांच्या चिपा ५ व्होल्टवर चालतात. मग अडॅप्टर नऊ-दहाचा का? कारण पाच व्होल्ट कन्सोलच्या आत तयार होतात. बोर्डावर तीन पायांची, पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने आवळलेली एक रेग्युलेटर आयसी असते. तिच्यावर ७८०५ असं छापलेलं असतं. हिला साधारण सातपेक्षा जास्त व्होल्ट द्या, ती बरोबर पाच बाहेर देते. वरचे जे उरतात ते ती उष्णता करून टाकते. म्हणून तो पत्रा.

ही उष्णता किती, ते साध्या गुणाकारात कळतं. समजा कन्सोल अर्धा अँपिअर घेतोय. नऊचा अडॅप्टर असेल तर वरचे ४ व्होल्ट गुणिले अर्धा, म्हणजे २ वॉट. बाराचा लावला तर वरचे ७ गुणिले अर्धा, म्हणजे साडेतीन वॉट. पाऊणपट जास्त उष्णता, त्याच पत्र्यावर, त्याच बंद प्लास्टिकच्या डब्यात. आयसी स्वतः ३५ व्होल्टपर्यंत सोसते असं तिच्या माहितीपत्रकात असतं, पण तिच्या आधी बसलेल्या कपॅसिटरवर १६ किंवा २५ व्होल्टची मर्यादा छापलेली असते, आणि कोरडा पडत चाललेला जुना कपॅसिटर उष्णतेने आणखी लवकर जातो. बाराचा लावल्यावर कन्सोल चालू होतो, तासभर मारिओ उड्या मारतो आणि लावणाऱ्याला वाटतं की जमलं. नुकसान हळूहळू होत असतं.

त्यात आणखी एक खोच आहे. जुने ट्रान्सफॉर्मरवाले जड अडॅप्टर लेबलवर ९ लिहितात, पण काही जोडलेलं नसताना मीटरवर १२-१३ व्होल्ट दाखवतात. भार पडला की ते खाली येतात. हा त्यांचा दोष नव्हे, त्यांची रचनाच तशी. मीटरवर तेरा दिसले म्हणून चांगला अडॅप्टर फेकून देणारे लोक आहेत. त्याच न्यायाने, लेबलवर १२ म्हणणारा जुना जड अडॅप्टर भार नसताना सोळाच्या पुढेही जाऊ शकतो. आजचे हलके, चौकोनी एसएमपीएस अडॅप्टर मात्र नऊ म्हणतात तेव्हा नऊच देतात. जुन्या कन्सोलला ते उत्तम चालतात, बाकीच्या गोष्टी जुळत असतील तर.

चिपांना लागणारे पाच व्होल्ट कुठे तयार होतात, हाच माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. ते कन्सोलच्या आत तयार होत असतील तर दोन-तीन व्होल्टची चूक लगेच भोवत नाही. ते भिंतीवरच्या डब्यातच तयार होऊन येत असतील तर एका व्होल्टचीही मुभा नाही. याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९८२ चा कमोडोर ६४. नावाला घरगुती संगणक, पण घराघरांत गेम खेळायलाच वापरलेला. त्याचा वीजपुरवठ्याचा डबा दोन प्रकारची वीज द्यायचा: ९ व्होल्ट एसी आणि तयार ५ व्होल्ट डीसी. हे पाच थेट मेमरीच्या चिपांपर्यंत जातात, वाटेत दुसरा रेग्युलेटर नाही. डबा आतून इपॉक्सी ओतून बंद केलेला, त्यामुळे उष्णता कोंडते आणि दुरुस्तीही होत नाही. वर्षांनुवर्षं तापून आतला रेग्युलेटर बिघडला की बऱ्याचदा तो बंद पडत नाही, उलट पाचाऐवजी जास्त व्होल्ट सोडू लागतो. मग मेमरी जाते, तिच्याबरोबर आणखी चिपा जातात. इथे गुन्हेगार कंपनीचा मूळ अडॅप्टरच असतो. ‘ओरिजिनल आहे’ हे वाक्य ऐकून ज्यांचा जीव भांड्यात पडतो, त्यांनी कमोडोरवाल्यांना विचारून पाहावं. ही मंडळी जुना डबा शोभेला ठेवतात आणि यंत्राला नव्याने बनवलेला पुरवठा लावतात.

निओ जिओचं घरगुती यंत्र हाही असाच सापळा. सुरुवातीच्या यंत्रांना ५ व्होल्ट लागतात, नंतरच्यांना ९. बाहेरून यंत्र तेच दिसतं. पाचवाल्याला नऊचा लावला की पुढचं सांगायला नको. निन्टेंडो ६४ मध्ये ही चूक करणं जवळपास अशक्य आहे, कारण तिथे वीजपुरवठ्याचा अख्खा ठोकळाच यंत्राच्या पाठीत बसतो आणि ३.३ व १२ असे दोन वेगळे व्होल्ट देतो. त्याला बाजारातली कुठलीच साधी पिन बसत नाही. गैरसोय खरी, पण मला ही गैरसोय आवडते.

आता प्लस-मायनसकडे वळू. लेबलवर एक छोटी आकृती असते. मध्ये ठिपका, त्याभोवती अर्धवट गोल, दोन्हींपासून निघालेल्या दोन रेघा, एका टोकाला अधिक, दुसऱ्याला वजा. ठिपका म्हणजे पिनच्या आतलं भोक, गोल म्हणजे बाहेरचं कडं. फॅमिकॉम, सुपर फॅमिकॉम आणि सेगाच्या अमेरिकेतल्या पहिल्या जेनेसिसमध्ये ठिपक्याला मायनस आहे. आज घरात सापडणाऱ्या बहुतेक सगळ्या अडॅप्टरांत, वायफाय राउटर, सीसीटीव्ही, सेट टॉप बॉक्स यांच्या, ठिपक्याला प्लस असतो. आणि पिनचं माप पुष्कळदा तेच, साडेपाच-२.१. खणात पडलेला राउटरचा बाराचा अडॅप्टर हा आपल्याकडच्या जुन्या कन्सोलांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. व्होल्ट जास्त, दिशा उलटी, पिन मात्र घट्ट बसते.

एकाच कंपनीतही भरवसा नाही. जेनेसिसच्या पहिल्या मॉडेलला ९ व्होल्ट, मध्ये मायनस. १९९३ च्या दुसऱ्या मॉडेलला १० व्होल्ट, मध्ये प्लस. बरं, तिथे सेगाने पिन तरी बदलली, ती बारीक आणि पिवळ्या टोकाची केली.

मग आपल्याकडे मध्ये मायनसवाला नऊचा अडॅप्टर मिळतो कुठे? वाद्यांच्या दुकानात. गिटारच्या इफेक्ट पेडलांना वर्षांनुवर्षं ९ व्होल्ट डीसी, मध्ये मायनस, साडेपाच-२.१ असाच अडॅप्टर लागतो. फक्त त्यातले काही दोनशे किंवा पाचशे मिलिअँपिअरचेच असतात, तेव्हा एक अँपिअरचा मागावा. दुसरी जागा म्हणजे माळ्यावर टाकलेला जुना कॅसिओ कीबोर्ड. त्याचा एडी-५ नावाचा अडॅप्टर ९ व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर, मध्ये मायनस आहे. फॅमिकॉमसाठी जणू मापून शिवलेला. पण कॅसिओच्या नव्या कीबोर्डांचा अडॅप्टर साडेनऊ व्होल्टचा आणि मध्ये प्लसवाला आहे. तेव्हा ‘कॅसिओचा चालतो’ एवढंच ऐकून निघू नका. लेबल वाचा.

अँपिअरबद्दल जास्त बोलायची गरज नाही. लेबलवरचा आकडा म्हणजे अडॅप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो. कन्सोल हवा तेवढाच घेतो. ८५० मिलिअँपिअरच्या जागी दोन अँपिअरचा लावला तर काहीही बिघडत नाही. कमीचा लावला तर व्होल्ट खाली घसरतात, ७८०५ ला पुरेसं मिळत नाही, टीव्हीवर आडवे पट्टे वरखाली सरकू लागतात, गेम मध्येच रिसेट होतो आणि अडॅप्टर हात लावता येऊ नये इतका तापतो. जुन्या दिवसांत घरोघरी असायचा तो तीन ते बारापर्यंत सरकपट्टी असलेला एलिमिनेटर या बाबतीत हमखास तोकडा पडतो. त्यातले कित्येक तीनशे-पाचशे मिलिअँपिअरचेच. शिवाय ती सरकपट्टी नऊवरून बारावर जायला फडक्याचा एक फटका पुरतो, आणि टोकाची पिन फिरवून प्लस-मायनस उलटं करता येतं ते वेगळंच. कन्सोलसाठी तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे खरा फॅमिकॉम फार थोड्यांनी पाहिला. अधिकृत मार्गाने आलेला सेगाचा मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत विकला गेला तो १८,००० रुपयांना. तेव्हाचे अठरा हजार! मग नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत शिरले ते लिटल मास्टर, टर्मिनेटर असे फॅमिकॉमचे नकली अवतार, पिवळ्या कॅसेटांसह. आज कुणाच्या तरी माळ्यावरून असा डबा निघतो आणि अडॅप्टर हरवलेला असतो. खाली स्टिकर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ‘सगळे नऊचेच असतात’ हा समज धरू नये. या यंत्रांना एकच एक मापदंड नव्हता.

स्टिकर नसलेल्या यंत्राचं प्लस-मायनस शोधायची एक रीत आहे, आणि तिला साधा मल्टिमीटर पुरतो. कन्सोल कशालाही जोडलेला नको. मीटर ‘बीप’वर ठेवा. मागे टीव्हीच्या वायरसाठी जे पिवळं-पांढरं सॉकेट असतं, त्याचं बाहेरचं धातूचं कडं म्हणजे जवळजवळ नेहमीच यंत्राचा ग्राउंड, अर्थात मायनस. एक टोक त्या कड्याला लावा. दुसरं टोक आधी अडॅप्टरच्या भोकातल्या मधल्या काडीला लावा, मग कडेच्या पत्तीला. ज्याला लावल्यावर बीप वाजेल ते मायनस. काडीवर वाजलं तर मध्ये मायनस, पत्तीवर वाजलं तर मध्ये प्लस. कुठेच वाजलं नाही तर आत डायोडांचा पूल असण्याची शक्यता आहे, एनईएससारखा. पण वायर तुटलेली असण्याचीही आहे. तेव्हा खोलूनच पाहावं लागेल.

व्होल्ट मात्र असे बाहेरून कळत नाहीत. झाकण उघडा आणि तो पत्र्याला आवळलेला तीन पायांचा ७८०५ शोधा. तो असेल आणि प्लस-मायनस कळलं असेल, तर नऊचा अडॅप्टर सुरक्षित. तो नसेल, तर पाच व्होल्ट बाहेरून येत असावेत असं समजून थांबावं आणि यंत्र जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावं.

अडॅप्टरची तपासणीही याच मीटरने होते. डीसीच्या २० वर काटा, लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेरच्या कड्यावर, दोन्ही एकमेकांना न चिकटवता. आकड्याआधी वजाची खूण आली तर मध्ये मायनस. आकडा शून्याच्या आसपास घुटमळला तर अडॅप्टर मेला असं म्हणण्याआधी मीटर एसीवर करून पाहा. एनईएसचे कित्येक धडधाकट अडॅप्टर डीसीवर मोजून भंगारात गेले असतील.

इथपर्यंत कन्सोलच्या बाजूचं झालं. भिंतीच्या बाजूचं काय? परदेशातून आणलेल्या मूळ अडॅप्टरला भिंतीकडूनही धोका असतो. जपानचा अडॅप्टर १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० चा. आपल्याकडे २३० आहेत. दहा-वीस रुपयांची कन्व्हर्टर पिन लावून तो आपल्या सॉकेटात बसतो, पण ती पिन फक्त आकार बदलते, व्होल्ट नाही. दुपटीच्या दाबाखाली ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी काही मिनिटांत जळते. न्यू जर्सीच्या मामाने प्रेमाने पाठवलेला सुपर निन्टेंडो असाच पहिल्या संध्याकाळी वास सोडतो. अशा वेळी मूळ अडॅप्टरची पिन कापून नव्या, २३० वर चालणाऱ्या अडॅप्टरच्या वायरला डाग देऊन जोडणं हाच बरा मार्ग, विशेषतः सुपर निन्टेंडोसारखी वेगळ्याच घाटाची पिन असेल तर. यंत्र तरीही चालू झालं नाही तर निराश होऊ नका. सुपर निन्टेंडोच्या बोर्डावर दीड अँपिअरचा बारीक फ्यूज आहे, आणि चुकीच्या अडॅप्टरला बळी पडलेली कित्येक यंत्रं तेवढा बदलल्यावर जिवंत होतात.

नवा अडॅप्टर लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, पण सगळ्यात स्वस्त तो घेऊ नका. एसएमपीएसमध्ये एका बाजूला घरचे २३० आणि दुसऱ्या बाजूला कन्सोलला जाणारे ९, यांच्यात बोर्डावर काही मिलिमीटरचं अंतर आणि एक खास प्रकारचा कपॅसिटर एवढंच कुंपण असतं. या कपॅसिटरमधून अगदी किंचित वीज पलीकडे झिरपते. टीव्हीची वायर जोडताना धातूच्या टोकाला हात लागला की बोटांना मुंग्या येतात त्या यामुळे. प्रामाणिक अडॅप्टरमध्ये त्या निरुपद्रवी असतात, कारण हा कपॅसिटर बिघडला तरी शॉर्ट न होण्याच्या बेताने बनवतात. फसव्या अडॅप्टरमध्ये तिथे साधा कपॅसिटर ठोकून दिलेला असतो. तो शॉर्ट झाला की २३० व्होल्ट थेट टीव्हीच्या वायरच्या त्या धातूच्या टोकापर्यंत येतात. म्हणून लेबलवर भारतीय मानक ब्यूरोचा आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो खरा आहे का, हे ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून लगेच तपासता येतं. आणि वायरी जोडायच्या त्या सगळं बंद असताना.

मोठं नाव म्हणजे हमी, असंही नाही. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्सच्या १ कोटी ४१ लाख पॉवर केबली आगीच्या धोक्यामुळे बदलून देण्याची घोषणा केली. त्यामुळे मूळ अडॅप्टरचीही वायर एकदा हाताने वाकवून पाहावी. आवरण तडकलं असेल, तांबं दिसत असेल, खोका फुगला असेल, तर तो वापरातून काढावा.

हल्ली मोबाइलच्या टाइप-सी चार्जरवरून ९ व्होल्ट काढणाऱ्या वायरी मिळतात. चार्जर चांगला असेल तर कल्पना उत्तम आहे. पण ज्या वायरीवर बटण दाबून ५, ९, १५, २० असे व्होल्ट बदलता येतात, ती जुन्या कन्सोलच्या आसपासही नको. नऊलाच बांधलेली घ्यावी, आणि मध्ये प्लस आहे की मायनस ते आधी मीटरने पाहावं. साधी, यूएसबीचे पाच व्होल्ट तसेच गोल पिनला आणणारी वायर फॅमिकॉमला लावली तर चालणार काही नाही, आणि तिच्या मध्ये प्लस असेल तर लावूच नये.

योग्य अडॅप्टर सापडला की दोन पांढऱ्या पट्ट्या घ्या. एकीवर कन्सोलचं नाव लिहून ती अडॅप्टरला चिकटवा. दुसरीवर ‘९ व्होल्ट डीसी, मध्ये मायनस’ किंवा जे काही असेल ते लिहून ती कन्सोलच्या पाठीवर, भोकाच्या शेजारी लावा. पुढच्या वेळी हा डबा माळ्यावरून तुम्हीच काढाल असं नाही, आणि काढणाऱ्याच्या हाताशी राउटरचा अडॅप्टर असणारच आहे.